अक्षराचा शृंगार

दिवाळीची झाडलोट चालू होती. मालवणच्या आमच्या घरी माळ्यावरून माझ्या शाळेतला एक पुठ्ठा निघाला. त्यावर बोरूने रंगवलेला सुविचार. नातवाने विचारले, "आजोबा, ह्यां काय लिवलां हा?" 'नेहमी खरे बोलावे' असा मजकूर, पण वेलबुट्टी एवढी, की 'खरे' शोधावे लागले!

ही हौस माझ्या एकट्याची नव्हे. वेंगुर्ल्यात ज्यांच्या वखारीच्या पडक्या भिंती आपण पाहतो, त्या डचांच्या देशात यान व्हान डेन व्हेल्डे या रॉटरडॅमच्या शिक्षकाने 1605 मध्ये 'लेखनकलेचा आरसा' या अर्थाच्या नावाचे कित्त्यांचे पुस्तक काढले. लेखणीच्या गरगरत्या रेघांची नक्षी पाहून डोळे निवतात. तिकडच्या प्रॉटेस्टंट चर्चमधून मूर्ती गेल्या आणि दहा आज्ञांचे रंगीत फलक आले. मूर्तीचा शृंगार अक्षरावर चढला, असे मला वाटते.

त्याच शतकात समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात अक्षर कसे असावे ते सांगितले: वाटोळे, सरळ, मोकळे, कडेला जागा सोडावी, म्हणजे कागद झिजला तरी अक्षर राहते, फार बारीक लिहू नये, म्हातारपणी वाचता येत नाही. सौंदर्य त्यांनाही हवेच होते. पण ते वाचणाऱ्यासाठी. डच अक्षर पाहावे, समर्थांचे वाचावे. उपदेशाला मला दुसरेच योग्य वाटते.

पुठ्ठ्याच्या पाठीवर तोच सुविचार मी साध्या अक्षरात लिहिला. आता नातवाला तो वाचता येतो. त्यामुळे घरात पंचाईत झाली आहे ती माझीच!