शनिवारची रात्र, चेंबूरच्या कानांनी

८ आणि ९ डिसेंबर २००० रोजी मुंबईत झालेल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी ‘सॅटरडे नाइट इन बॉम्बे’ या नावाने बाजारात आलं. ‘रिमेंबर शक्ती’ या चमूचा हा अल्बम. नावात एक खोडी आहे. चमूतले गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन यांचा पाको दे लुसिया आणि अल डी मेओला यांच्यासोबतचा ‘फ्रायडे नाइट इन सॅन फ्रान्सिस्को’ १९८१मध्ये गाजला होता. त्या शुक्रवारनंतरचा शनिवार उजाडला तो वीस वर्षांनी, मुंबईत. (९ डिसेंबरला खरोखरच शनिवार होता.)

जॅझ, कर्नाटक संगीत, संतूर, पखवाज आणि चामड्याची नाना वाद्यं एका तबकडीत आहेत म्हटल्यावर सावध व्हावं, हे माझं जुनं मत. असे अल्बम बहुतेकदा सगळ्याची चव दाखवतात आणि कुठेच जेवू घालत नाहीत. हा अल्बम त्याला अपवाद का ठरतो, हे नीट कळायला चेंबूरमध्ये वाढलेलं असणं फार उपयोगी पडतं.

चेंबूरमधल्या मराठी घरांना कर्नाटक संगीत ऐकू येतं, पण ती ते ऐकत नाहीत. आमच्या घरी भीमसेन जोशी, माणिक वर्मा आणि सकाळच्या रेडिओवरची श्रीनिवास खळ्यांची गाणी. समोरच्या तमिळ बिऱ्हाडातून पहाटे एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांचं सुप्रभातम यायचं. त्याचा उपयोग आम्ही घड्याळासारखा करायचो. ते संपलं की दूध आणायला निघायचं. छेडानगरच्या मुरुगन मंदिराकडून तविल आणि नागस्वरम ऐकू आलं की आज काहीतरी उत्सव आहे एवढंच समजायचं. आर. सी. मार्गावरच्या फाइन आर्ट्स सोसायटीवरून रोज जाणं व्हायचं. आत शिवस्वामी सभागृहात काय चाललं आहे हे विचारायची गरज आम्हा मराठी पोरांना वाटली नाही.

शंकर महादेवन याच चेंबूरचे. मूळ केरळमधल्या तमिळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला, पाचव्या वर्षी वीणा हाती आली, कर्नाटक गायन टी. आर. बालमणी यांच्याकडे आणि बाकीचं श्रीनिवास खळ्यांकडे. खळ्यांनी लता मंगेशकर आणि भीमसेन जोशी यांच्याकडून गाऊन घेतलेल्या भजनांत वीणा वाजवणारा मुलगा हाच. म्हणजे जे दोन सूर आमच्या जिन्याच्या दोन बाजूंना एकमेकांना न भेटता राहत होते, ते या एका गळ्यात केव्हाच भेटले होते. १९९८च्या ‘ब्रेथलेस’मुळे हा आवाज रिक्षा-टॅक्सीपर्यंत पोचला. या अल्बमची सीडी मी हातात घेतली तीही त्या नावाकडे पाहूनच.

आणि नेमकी मी अडकले ती त्यांनी गायलेल्या ‘गिरिराज सुधा’पाशी. ही कर्नाटक संगीतकार त्यागराजांची कृती, गणपतीची स्तुती, राग बंगाल. राग शंकराभरणाच्या, म्हणजे आपल्या बिलावल थाटाच्या कुळातला आहे, त्यामुळे मराठी कानाला पहिल्या क्षणी परकं काही वाटत नाही. सगळे स्वर शुद्ध, देवही घरचाच. गंमत पुढे सुरू होते. या रागात धैवत नाही, आणि स्वर जिना चढल्यासारखे सरळ वर जात नाहीत. पंचमापर्यंत जाऊन ते मध्यम-रिषभाकडे मागे वळतात आणि तिथून पुन्हा उडी घेतात. कान पुढची पायरी गृहीत धरतो आणि गाणं दुसरीकडेच वळतं. ते वळण तिसऱ्यांदा येईपर्यंत आपण त्याची वाट पाहू लागलेलो असतो. रागाची ओळख होते ती अशी, त्यासाठी आरोह-अवरोह पाठ असावे लागत नाहीत.

इथे महादेवन यांचं गाणं सिनेमातल्या महादेवन यांच्यापेक्षा वेगळं लागतं. आवाज तोच मोकळा, पण गमक देताना स्वर जागेवर स्थिर राहत नाही, हलत राहतो. यू. श्रीनिवास यांचं मँडोलिन हीच हालचाल तारांवर करून दाखवतं. मँडोलिनचा मूळ स्वभाव टणत्काराचा, स्वर लगेच विझणारा. जोडतारांऐवजी एकेरी तारा आणि विजेची साथ घेऊन श्रीनिवास यांनी त्यातून लांब, वळवता येणारा स्वर काढला. गळा आणि मँडोलिन यांतलं कोण कोणाची नक्कल करतं आहे हे काही ठिकाणी सांगता येत नाही, आणि माझ्या मते अल्बममधली सर्वांत सुंदर जागा तीच. मॅकलॉफ्लिन यांची गिटार मात्र आपलं जॅझपण लपवत नाही. सुरांभोवती फिरण्याची तिची घाई वेगळीच आहे. पण परत कुठे यायचं ती जागा त्यागराजांनी ठरवली आहे, आणि तिथे ती वेळेवर हजर होते.

हा शिस्तीचा भाग सहज आलेला नाही. सत्तरच्या दशकात मॅकलॉफ्लिन यांनी अमेरिकेत एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे धडे घेतले होते. एल. शंकर, झाकीर हुसेन, विक्कू विनायकराम यांच्याबरोबरच्या पहिल्या ‘शक्ती’साठी त्यांनी खास गिटार बनवून घेतली: पडद्यांमधलं लाकूड खोलगट कोरलेलं, म्हणजे तार दाबून वीणेसारखी ओढता यावी, आणि तिरप्या बसवलेल्या सात जास्तीच्या तारा, तरफेसाठी. आधी वाद्य बदललं, मगच राग वाजवायला घेतले.

एका मराठी माणसाने हीच वाट आधी उलट्या बाजूने चोखाळली होती. जी. एन. जोशी, भावगीताचे आद्य गायक आणि पुढे एचएमव्हीचे ध्वनिमुद्रण-अधिकारी. १९६७चा ‘कॉल ऑफ द व्हॅली’ त्यांच्या देखरेखीखाली झाला. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत. त्या काळी संतूर आणि आडवी धरून वाजवायची गिटार रागसंगीतात नवखी होती. शिवकुमार शर्मा आणि ब्रिजभूषण काब्रा त्यांना प्रतिष्ठा मिळवून देत होते. जोशींनी या नवख्या वाद्यांच्या हाती पिलू, भूप, देस दिले, जे भावगीतं ऐकणाऱ्याच्या कानात आधीच मुरलेले होते. अनोळखी वाद्य, ओळखीचा राग. शनिवारच्या रात्री ‘गिरिराज सुधा’त राग अनोळखी आहे आणि ओळखीचा आहे गळा. दोन्हीकडे हिशेब एकच: श्रोत्याचा एक पाय घरात ठेवायचा.

‘कॉल ऑफ द व्हॅली’तले तरुण शिवकुमार शर्मा इथे ‘शृंगार’मध्ये साठी ओलांडून भेटतात. अल्बममधली ही सर्वांत लांब रचना, आणि ती घाईत ऐकू नये. संतुराला मींड नाही. कलम तारेवर पडली की स्वर झाला. शर्मा कलम तारेवरून हलके घसरवतात, स्वरांची रांग इतकी दाट करतात की मधली फट बुजते. आता शेजारी गिटार आहे, जिला स्वर ओढता येतो. एकाला जे जमत नाही ते दुसऱ्याकडे आहे, आणि कोणी ते मिरवत नाही. झाकीर हुसेन यांचा तबला इथे बराच वेळ जवळजवळ अदबीने वागतो.

शेवटाकडे मात्र मला तक्रार आहे. शिवमणी, तौफीक कुरेशी, सेल्वगणेश, पखवाजावर भवानी शंकर, शिवाय तविल, इतकी तालवाद्यं एका मंचावर आली की टाळ्या जास्त आणि संगीत कमी असं होतं. तरी त्या गर्दीतही ए. के. पळनिवेल यांच्या तविलचा कोरडा, कडक आवाज मी वेगळा ओळखला. छेडानगरहून येणारा आवाज तो हाच, हे कळायला इंग्रजी नावाची सीडी लागली. त्यानंतर कधीतरी मी फाइन आर्ट्समध्ये जाऊन बसले. शेजारच्या आजी मांडीवर आदि ताल धरत होत्या: एक टाळी, तीन बोटं, मग टाळी आणि उलटा हात, दोनदा. आठ मात्रा. एवढं दिसल्यावर पुढचे दोन तास कंटाळा आला नाही.

यू. श्रीनिवास २०१४मध्ये गेले, शिवकुमार शर्मा २०२२मध्ये. ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला फेब्रुवारी २०२४मध्ये ग्रॅमी मिळालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झाकीर हुसेन गेले. पुरस्कारामुळे नव्या श्रोत्यांनी ‘धिस मोमेंट’पासून सुरुवात केली, ते ठीक आहे. पण तो अल्बम स्टुडिओत घासूनपुसून केलेला वाटतो. माझं मत विचाराल तर आधी २०००ची ही मैफल ऐका, तीही ‘गिरिराज सुधा’पासून, आणि त्याच आठवड्यात हीच कृती एखाद्या जुन्या कर्नाटक गायकाच्या आवाजात, नुसत्या व्हायोलिन आणि मृदंगमच्या साथीने ऐका. चेंबूरला राहत असाल तर सीडीचीही गरज नाही, फाइन आर्ट्सच्या फाटकावरचा फलक वाचला तरी पुरे.