नवी आवृत्ती आली, म्हणजे नेमके काय बदलले?

२०२४ साली आमच्या जिल्ह्याचे अहमदनगर हे नाव बदलून अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई होळकरांचे जन्मगाव चौंडी हे आमच्या जामखेड तालुक्यातलेच. असा बदल जाहीर झाला की सामान्य माणसाला तीन प्रश्न पडतात. माझ्या जुन्या कागदांचे काय होणार? जुने नाव कधीपर्यंत चालेल? आणि मला स्वतःला काय करावे लागेल? जाहीर करणाऱ्याने या तीन प्रश्नांची उत्तरे दिली तर निवेदन पुरे झाले. ती दिली नाहीत तर लोकांना फक्त बातमी मिळाली, माहिती मिळाली नाही.

संगणकाच्या भाषांच्या बाबतीत असे बदल सतत होत असतात. संगणकाची भाषा म्हणजे काही नियम आणि ते नियम पाळून आपल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारा एक प्रोग्रॅम. नियमांत भर पडते, काही नियम काढून टाकले जातात, आणि मग त्या भाषेची नवी आवृत्ती निघते. प्रत्येक आवृत्तीबरोबर एक निवेदन येते आणि त्यासोबत 'यात नवीन काय?' हे सांगणारा एक मोठा लेख असतो. हे लेखन सहसा तांत्रिक कागदपत्र म्हणून बाजूला ठेवले जाते. खरे तर ते शिक्षकाच्या कामाचे आहे, आणि म्हणून ते कसे लिहिले आहे याची चिकित्साही शिक्षकानेच करायला हवी. या लेखात पायथन या भाषेच्या निवेदनांकडे त्या दृष्टीने पाहू.

पायथन ही भाषा गुइडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली लोकांपुढे ठेवली. तिची ३.० ही आवृत्ती ३ डिसेंबर २००८ रोजी निघाली. तिच्यासोबतचा 'नवीन काय?' हा लेख व्हॅन रॉसम यांनी स्वतः लिहिला होता. त्याची पहिली चांगली गोष्ट म्हणजे प्रामाणिकपणा. ही आवृत्ती जुनीशी जाणूनबुजून विसंगत आहे, म्हणजे जुने प्रोग्रॅम हिच्यावर जसेच्या तसे चालणार नाहीत, हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो. दुसरी चांगली गोष्ट म्हणजे, नव्या सोयींची जाहिरात करण्याआधी तो 'नेहमी ठेच लागेल अशा जागा' दाखवतो. नव्या वस्तूसोबत तिच्या अडचणींची यादी आधी देणारे लेखन आपल्याकडे किती आढळते?

पण या यादीचा क्रम पाहा. पहिला मान मिळाला आहे 'प्रिंट'ला. पूर्वी प्रिंट लिहून पुढे मजकूर लिहिला की तो पडद्यावर उमटे, ३.० पासून तो मजकूर कंसात लिहावा लागतो. हे उदाहरणांसह सविस्तर सांगितले आहे. भागाकारातला बदल मात्र दोन ओळींत आटोपला आहे. पूर्वी पायथनला ७/२ विचारले की उत्तर ३ येई, कारण दोन पूर्णांकांच्या भागाकारातला अपूर्णांक टाकून दिला जाई. ३.० पासून उत्तर ३.५ येते. जुने उत्तर हवे असेल तर दोन तिरप्या रेघा द्याव्या लागतात.

यातला कोणता बदल वर्गात जास्त धोक्याचा? कंस विसरला तर संगणक तिथेच थांबतो आणि चूक दाखवतो. मुलगा चिडतो, पण काहीतरी बिघडले हे त्याला कळते. भागाकाराच्या बाबतीत प्रोग्रॅम विनातक्रार चालतो आणि वेगळे उत्तर देतो. जुन्या पुस्तकात उत्तर ३ छापलेले आणि पडद्यावर ३.५. मुलाला वाटते, आपलेच काहीतरी चुकले. ओरडणारी चूक आणि मुकी चूक यांत मुकी चूक जास्त वाईट, हे आपण शिक्षक वह्या तपासताना रोज अनुभवतो. निवेदनात जागा वाटताना हा निकष लावलेला दिसत नाही.

याचे आणखी ठळक उदाहरण 'राउंड' या क्रियेचे आहे. २.५ ही संख्या जवळच्या पूर्णांकात मांडायला सांगितली तर आपण ३ म्हणतो. शाळेत आपण तसेच शिकवतो. जुने पायथनही ३ च सांगे. ३.० पासून उत्तर २ येते, कारण बरोबर अर्ध्यावरची संख्या आता जवळच्या सम संख्येकडे नेली जाते. हा बदल लेखात बराच खाली, संकीर्ण बदलांच्या मथळ्याखाली आला आहे. २.५ चे उदाहरण दिले आहे, पण कारण दिलेले नाही. कारण समजायला अगदी सोपे आहे. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची बेरीज ८. प्रत्येक अर्धा वर नेला तर १, २, ३ आणि ४ मिळून १० होतात. सम संख्येकडे नेला तर ०, २, २ आणि ४ मिळून पुन्हा ८. म्हणजे पुष्कळ संख्यांची बेरीज करायची असेल तर नव्या रीतीत चूक एकाच दिशेला साचत नाही. एवढ्या चार आकड्यांनी एका बदलाचा गणिताचा तास झाला असता. ज्याला कारण आधीच माहीत आहे अशा वाचकासाठी हा भाग लिहिला गेला, इतर वाचक लेखकाच्या नजरेसमोर नव्हता.

मराठी शिक्षकाच्या दृष्टीने तर ३.० ची सर्वांत मोठी बातमी निराळीच होती. यूटीएफ-८ पद्धतीने साठवलेल्या 'मराठी' या शब्दाची लांबी जुन्या पायथनला विचारली की साधारणपणे १५ असे उत्तर मिळे, कारण ते अक्षरे न मोजता बाइट मोजत असे. नवे पायथन ५ सांगते: म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी. (आपण मोजतो ती अक्षरे तीनच, पण तो फरक युनिकोडच्या रचनेतला आहे.) शिवाय ३.० पासून प्रोग्रॅममधल्या चलांना 'वय', 'किंमत', 'गुण' अशी देवनागरी नावे देता येऊ लागली. इंग्रजीशी झगडणाऱ्या मुलाला हे केवढे सोयीचे! निवेदनात मात्र पहिला बदल 'मजकूर विरुद्ध विदा' अशा अंतर्गत परिभाषेत मांडला आहे, आणि दुसऱ्याची एका ओळीत बोळवण झाली आहे. इंग्रजी लिपीत काम करणाऱ्याला यात फारसे नवल नव्हते म्हणून ती ओळ छोटी राहिली. एखादा बदल मोठा की छोटा हे तो कोणासाठी आहे यावर ठरते, आणि निवेदन लिहिणाऱ्याने हे विसरून चालत नाही.

आता मुदतीचा प्रश्न. इथे पायथनकारांना चांगले गुण द्यायला हवेत. भागाकार बदलणार हे त्यांनी २००१ सालीच जाहीर केले होते आणि २.२ या आवृत्तीत नवा भागाकार वापरून पाहण्याची सोयही दिली होती. म्हणजे सात वर्षांची पूर्वसूचना. जुन्या मालिकेतल्या २.७ या शेवटच्या आवृत्तीची मुदत आधी २०१५ पर्यंत होती, ती २०१४ साली वाढवून २०२० केली गेली. ही मुदतवाढ उदार खरीच, पण २००८ चे निवेदन सर्वांपर्यंत पोचून लोक हलले असते तर तिची गरज पडली नसती. आता २०२० पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. ३.९ ही ऑक्टोबर २०२० मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिची मुदत संपली. जूनमध्ये शाळा सुरू करणाऱ्या आपल्याला हे वेळापत्रक सोयीचेच आहे. वर्षाच्या सुरुवातीला एक आवृत्ती ठरवावी आणि ऑक्टोबरच्या बातमीने गडबडून न जाता तीच वर्षभर वापरावी.

नंतरच्या निवेदनांत सुधारणा झाली आहे. सुरुवातीला ठळक गोष्टींचा सारांश असतो. काढून टाकलेल्या आणि पुढे काढून टाकायच्या गोष्टींच्या याद्या वेगळ्या दिलेल्या असतात. ३.१० आणि ३.११ चे प्रकाशन सांभाळणारे पाब्लो गालिंदो साल्गादो तर निवेदनाच्या शेवटी कृष्णविवरांसारख्या विषयांवर एखादे टिपण जोडत. विज्ञानाची गोडी लावणारी ही रीत मला आवडते. पण सर्वांत चांगली सुधारणा निवेदनाबाहेर झाली. आता प्रिंटनंतरचे कंस विसरले तर चुकीच्या संदेशातच 'कंस राहिले आहेत' असे सांगितले जाते. म्हणजे निवेदन न वाचलेल्यालाही ते ठेच लागली त्याच जागी वाचायला मिळते.

परक्याच्या निवेदनातल्या उणिवा काढताना आपल्या घरात काय आहे तेही पाहायला हवे. बोर्लंड कंपनीचे टर्बो सी++ हे १९९० सालचे साधन. सी++ ची आंतरराष्ट्रीय प्रमाण आवृत्ती १९९८ साली ठरली आणि 'आयओस्ट्रीम' या नावामागचे 'डॉट एच' गेले. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत मात्र पुढेही कित्येक वर्षे मुले ते 'डॉट एच' पाठ करत राहिली. अशी मुले नव्या संगणकासमोर बसली की पहिल्याच ओळीला अडणार. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आपण 'सुधारित आवृत्ती' असे छापतो, पण काय सुधारले आणि जुने पुस्तक वापरणाऱ्याने कोणती पाने दुरुस्त करावीत, हे सांगणारे पान क्वचितच असते. पायथनची जुनी निवेदने काढून टाकली जात नाहीत. त्यातल्या कित्येकांच्या डोक्यावर, याहून नवी आवृत्ती आली आहे, अशी सूचना जोडलेली आढळते. आपले जुने पुस्तक मात्र कपाटात तसेच मूक पडून असते.

याला एक चांगला अपवाद महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले पाठ मराठीतही ऐकायला मिळतात. त्यात सुरुवातीलाच, हा पाठ कोणत्या प्रणालीवर आणि कोणत्या आवृत्तीवर तयार केला, ते सांगितले जाते. तिथल्या पायथनच्या एका मालिकेच्या नावातच ३.४.३ हा आकडा आहे. ३.४ ची मुदत मार्च २०१९ मध्ये संपली. तरीही तो पाठ निकामी होत नाही, कारण कुठून पुढचे बदल मोजायचे हे शिकणाऱ्याला ठाऊक असते.

हे आपणही करू शकतो, त्याला पैसा लागत नाही. फळ्यावर प्रोग्रॅम लिहिण्याआधी वरच्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा लिहावा. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर तो मुलांकडून लिहून घ्यावा. प्रयोगशाळेत एका संगणकावर जुनी आणि दुसऱ्यावर नवी आवृत्ती असेल तर तसे चिकटपट्टीवर लिहून लावावे. आणि वर्षातून एकदा वरच्या वर्गातल्या मुलांपुढे नव्या आवृत्तीचे निवेदन ठेवून त्यांना एक स्वाध्याय द्यावा: यातला कोणता बदल ओरडून सांगेल, कोणता मुका राहील आणि आपल्या वहीतला कोणता प्रोग्रॅम बिघडेल, ते मराठीत दहा ओळींत लिहा. त्या दहा ओळी पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी प्रयोगशाळेच्या दारावर लावून ठेवाव्यात.