नाट्यपदांचे घर

हिंजवडीच्या रसिकाला संगीत नाटक पाहायचे, तर चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा थेट पुणे गाठावे लागते. प्रवासाचा त्रास आहेच; पण आमच्या मनात निराळाच प्रश्न येतो. इतक्या दूर जाऊन आपण ज्या सभागृहात बसतो, ते खरोखर संगीत नाटकाचे घर असते काय?

जर्मनीत वाग्नर यांनी आपल्या संगीत नाट्यकृतींसाठी बायरॉइट येथे खास नाट्यगृह बांधून घेतले. ते १८७६ साली खुले झाले. चारच वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक सादर केले. आपल्या मंडळ्या मात्र गावोगावी फिरत, मिळेल त्या रंगमंचावर गात. ध्वनिवर्धक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत सूर पोहोचवणे हे गळ्याचेच काम होते. त्या पल्ल्याने गायकी घडवली, असे आम्हांस वाटते.

पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये स्वतः नारायणराव बालगंधर्वांच्या हस्ते बसली. २६ जून १९६८ रोजी उद्घाटन झाले, तेव्हा ते हयात नव्हते. वास्तू देखणी आहे. परंतु हजाराच्या आसपास आसनांच्या त्या विस्तारात नाट्यपद ध्वनिवर्धकातून येते. मग हलकी मुरकी आणि दमदार तान एकाच मापाने कानी पडतात. गायक समोर असतो, आवाज मात्र भिंतीवरून येतो. त्या मानाने सदाशिव पेठेतील भरत नाट्य मंदिर आटोपशीर आहे. १८९४ सालापासूनची परंपरा सांगणाऱ्या त्या संस्थेला स्वतःचा रंगमंच आहे आणि संगीत नाटकाची जोपासनाही तिने केली आहे. नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर तेथे कमी, म्हणून ‘वन्स मोअर’ मनापासून निघतो.

अशी घरे जपावी लागतात. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ साली खुले झालेले कोल्हापूरचे नाट्यगृह पुढे केशवराव भोसल्यांच्या नावाने ओळखले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, ते आगीत होरपळले. त्या दिवशी कोल्हापूरने एका इमारतीहून अधिक काही गमावले.

आपल्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. तेच गीत दगडी चर्चमध्ये गायकवृंदाने गावे आणि तेच मांडवात कर्ण्यावरून ऐकावे, यातला फरक आपण अनुभवलेला आहे. चर्चमध्ये आपल्या ओळखीचा झालेला पायपेटीचा ऑर्गन बालगंधर्वांच्या साथीलाही होताच. सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला यांच्या जोडीने.

म्हणून हिंजवडीसाठी आमची मागणी भव्य नाट्यगृहाची नाही. तीन-चारशे आसनांचे, लाकडी रंगमंचाचे, आवाज जपणारे एक सभागृह पुरे. काचेच्या एवढ्या उंच इमारती उभारणाऱ्यांना ते जड जाऊ नये.