सीडीची आवेष्टने : एक तौलनिक विचार

१९८२ साली सीडी बाजारात आली, तेव्हा सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या ध्वनिमुद्रिकेची जागा १२ सेंटिमीटरच्या तबकडीने घेतली. त्याबरोबर आवरणावरील चित्राचा व मजकुराचा अवकाशही आक्रसला.

पॉलिस्टायरीनच्या पारदर्शक डबीवर ठिसूळपणाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो रास्तच आहे. डबी हातातून पडली की बिजागरीचे कान तुटतात, तबकडी धरणारे दाते निखळतात. तथापि तिचे सर्व भाग सुटे असल्याने फुटलेली डबी बदलता येते व पुस्तिका अबाधित राहते. पुठ्ठ्याचा डिजिपॅक हाताला सुखद व दिसण्यात अभिजात खरा. परंतु त्याचे आवरण हेच त्याचे मुद्रित पृष्ठ होय. कडा झिजल्या की मजकूरही झिजतो, आणि चिकटवलेली बैठक मोडल्यास ती सहजी बदलता येत नाही. कागदी पाकीट जागा वाचवते. पण काढताघालताना तबकडीवर ओरखडे पडतात, आणि कण्यावर नाव नसल्याने कपाटात तिचा शोध लागत नाही.

अभ्यासकापुढील प्रश्न केवळ सौंदर्याचा नाही. साथीदारांची नावे, मुद्रणाचे स्थळ व दिनांक पुष्कळदा पुस्तिकेतच नोंदलेले असतात. ती हरवल्यास गायन उरते, त्याचा इतिहास उरत नाही. म्हणून संग्राहकाने डिजिपॅकच्या देखणेपणापेक्षा ठिसूळ पण बदलता येणारी डबीच श्रेयस्कर मानावी, असे म्हणावे लागते.