अडवून ठेवलेली सही

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाविषयी लिहिणाऱ्या अभ्यासकांत रिचर्ड न्यूस्टाट यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा ‘प्रेसिडेन्शियल पॉवर’ हा ग्रंथ १९६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि नवी प्रकरणे जोडून १९९० मध्ये पुन्हा निघाला. ट्रूमन यांच्या कारकिर्दीत न्यूस्टाट स्वतः व्हाइट हाउसमध्ये कामास होते. त्यामुळे या ग्रंथाला नुसत्या पोथीपांडित्याचा नव्हे, तर कचेरीत बसलेल्या माणसाच्या अनुभवाचा आधार आहे. आमचीही हयात राज्य शासनाच्या फाइलींत गेली. पुस्तक वाचताना आम्ही पुष्कळ ठिकाणी मान डोलावली. एका ठिकाणी मात्र अडलो. त्या अडण्याविषयीच येथे लिहावयाचे आहे.

न्यूस्टाट यांचा सिद्धांत थोडक्यात असा. अध्यक्षाची खरी सत्ता हुकूम सोडण्यात नसून मन वळविण्यात आहे. काँग्रेस, न्यायालय, राज्यांचे गव्हर्नर, इतकेच काय, स्वतःच्या मंत्रिमंडळातील सचिव, यांपैकी प्रत्येकाला आपापला स्वार्थ आणि आपापला धनी असतो. सेनापती राहिलेले आयझेनहॉवर या खुर्चीवर बसले की ‘हे करा, ते करा’ म्हणतील आणि काहीच घडणार नाही, अशा आशयाचे भाकीत ट्रूमन यांनी केले होते. ते वाचून आम्हांस हसू आवरेना. भोपाळहून निघालेला आदेश तहसीलच्या टेबलावर पोहोचेतो त्याचे काय होते, हे ज्याने पाहिले आहे त्याला ट्रूमन वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत.

ज्या प्रसंगी हुकूम खरोखर पाळला गेला असे तीन दाखले लेखकाने तपासले आहेत: १९५१ मध्ये जनरल मॅकआर्थर यांची बडतर्फी, १९५२ मध्ये पोलाद गिरण्या ताब्यात घेण्याचा आदेश आणि १९५७ मध्ये लिटल रॉक येथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या शाळाप्रवेशासाठी धाडलेले सैन्य. तिन्ही ठिकाणी हुकूम हा मन वळविण्यात आलेल्या अपयशानंतरचा शेवटचा आणि महागडा उपाय होता, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पोलादाचा आदेश तर सर्वोच्च न्यायालयाने दोन महिन्यांच्या आत सहा विरुद्ध तीन मतांनी रद्दबातल ठरविला.

ग्रंथानंतर अध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांचे अंतर्गत धोरण म्हणजे या सिद्धांताचे जणू प्रात्यक्षिकच. नागरी हक्कांचे विधेयक दक्षिणेकडील सिनेटरांनी दोन महिन्यांहून अधिक काळ भाषणे लांबवून रोखून धरले होते. रिपब्लिकन नेते डर्क्सन यांना सोबत घेऊन १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी ती चर्चा बंद करण्यात आली आणि २ जुलैला कायद्यावर सही झाली. पुढच्याच वर्षी वृद्धांच्या औषधोपचाराचा मेडिकेअर कायदा आणि मतदानहक्काचा कायदा आला. येथपर्यंत न्यूस्टाट सोळा आणे खरे.

आम्ही अडलो तो गव्हापाशी.

पीएल-४८० हा १९५४ चा कायदा मुळात अमेरिकेच्या घरचाच प्रश्न सोडविण्यासाठी होता. तेथील कोठारांत धान्य मावेना, म्हणून ते परदेशी चलनात विकावे आणि आपल्या शेतकऱ्याचा भाव राखावा, असा तो हिशोब. मे १९६० मध्ये आपले अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला आयझेनहॉवर यांच्यासमवेत चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू आणि १० लाख टन तांदूळ देणाऱ्या करारावर सही केली. दीर्घ मुदतीचा असा करार जॉन्सन यांनी १९६५ मध्ये नाकारला. एरवी कृषिखात्याच्या पातळीवर निकालात निघणारी भारताची प्रकरणे त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. आमच्या भाषेत सांगावयाचे तर, प्रत्यायोजित केलेले अधिकार परत घेतले. मग महिन्या-दोन महिन्यांपुरताच गहू मंजूर होऊ लागला. वॉशिंग्टनमध्ये याला आखूड दाव्याचे धोरण म्हणत.

त्याच वर्षी पाऊस फिरला. १९६४-६५ मध्ये सुमारे ८.९ कोटी टन असलेले आपले अन्नधान्य उत्पादन १९६५-६६ मध्ये ७.२ कोटी टनांवर आले. नोव्हेंबर १९६५ मध्ये रोम येथे अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम आणि अमेरिकेचे कृषिसचिव फ्रीमन यांच्यात शेतीसुधारणांविषयी समझोता झाला. मार्च १९६६ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या. जॉन्सन यांनी काँग्रेसला संदेश धाडून आणखी ३५ लाख टन धान्य मागितले. जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. जुलैमध्ये भारताने व्हिएतनामवरील बाँबवर्षावाविषयी मॉस्कोत नापसंती नोंदविली, आणि १९६६ च्या उत्तरार्धात वॉशिंग्टनने पुन्हा हात आखडला.

हात आखडला तो शेतीसुधारणा धीम्या पडल्या म्हणून, की व्हिएतनामचा राग म्हणून? विद्वानांत मतभेद आहेत. आम्हांस त्याचे नवल वाटत नाही. थांबलेल्या फाइलीची खुबीच ही, की तिच्यावर कारण लिहावे लागत नाही. केलेल्या सहीला न्यायालयात आव्हान देता येते, पोलादाच्या आदेशाला दिले तसे. न केलेल्या सहीला कोठे आव्हान द्यावयाचे? आमच्या सेवाकाळात दुष्काळी कामांची एक फाइल वरिष्ठांकडून ‘चर्चा करें’ एवढ्याच शेऱ्यानिशी तीनदा परत आली. चर्चेला वेळ मिळेतो मृग लागला आणि प्रकरण आपोआप नस्तीबद्ध झाले. कोणीही काहीही नाकारले नव्हते.

न्यूस्टाट यांनी दिलेले हुकूम मोजले. अडवून ठेवलेले मोजले नाहीत. आमचा आक्षेप एवढाच आहे, परंतु तो लहान नाही. ज्यांचे मन वळवावयाचे ते सिनेटर असोत की गव्हर्नर, त्यांच्या हातीही अध्यक्षाला द्यावयाचे काही असते: मत, पाठिंबा, निदान उपद्रव. परराष्ट्रातील रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाजवळ यांपैकी काहीच नसते. टोंकिनच्या आखातासंबंधीचा ठराव ऑगस्ट १९६४ मध्ये प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सिनेटमध्ये ८८ विरुद्ध दोन मतांनी संमत झाला, तेव्हाही हेच दिसले. घरी एकेका मतासाठी झटणाऱ्या अध्यक्षाला परदेशात युद्ध वाढविण्याची मोकळीक जवळजवळ एकमुखाने मिळाली. ज्यांच्या भूमीवर बाँब पडावयाचे त्यांचे त्या सभागृहात कोणी नव्हते.

जॉन्सन यांच्यावर अन्याय होऊ नये. गहू आला, आणि विक्रमी प्रमाणात आला. लक्षावधी माणसे त्यावर जगली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परदेशी मदतीला विटलेल्या काँग्रेसला सोबत घेण्याची त्यांची धडपडही खरी होती, आणि तेवढ्यापुरता न्यूस्टाट यांचा सिद्धांत येथेही लागू पडतो. परंतु दावे आखूड केले म्हणून भारतीय शेती सुधारली, हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. सुब्रह्मण्यम १९६४ पासूनच त्या मार्गाला लागले होते. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८ हजार टन बुटक्या गव्हाचे बियाणे आणण्याचा निर्णय त्यांच्या आणि आपल्या शास्त्रज्ञांच्या हिमतीचा होता. अमेरिकन दबावाने त्यांचे हात बळकट केले असतील, तर विरोधकांना ‘परक्यांच्या तालावर नाचता’ असे म्हणावयास निमित्तही त्यानेच दिले.

त्या वेळी आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. इंदूरच्या आमच्या मोहल्ल्यातील कंट्रोलच्या दुकानात लाल गहू मिळे. माळव्याच्या शरबती गव्हावर वाढलेल्या आमच्या आजीला त्याची पोळी कधी आवडली नाही. पण पुढच्या आठवड्यात तो मिळेल की नाही, याची विचारपूस ती दर वेळी न चुकता करी. दुकानदाराला ते ठाऊक नसे. दिल्लीलाही नसावे.

न्यूस्टाट यांचा ग्रंथ तरीही वाचावा असाच आहे. विशेषतः शासकीय सेवेत असलेल्या तरुण मंडळींनी. आमची प्रत आम्ही ग्रंथालयात ठेवली आहे. समासातील पेन्सिलीच्या खुणा आमच्या आहेत. त्या खोडल्या तरी हरकत नाही.