टक्का उतरला, पण गोळ्या उतरल्या का?

मागच्या वर्षी जर्नल क्लबमध्ये मी एक आलेख मोठ्या उत्साहाने दाखवला होता. अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये दीर्घकाळ राहणाऱ्यांपैकी अँटीसायकोटिक औषधं घेणारे २०११ च्या शेवटी २३.९ टक्के होते. दशकभरात ते साधारण १५ टक्क्यांवर आले. "यशस्वी धोरण," असं मी म्हटलं. एका सीनियरने विचारलं, "यात मोजलेलं कोणाला नाही?" मला उत्तर देता आलं नाही. ते नंतर शोधलं, आणि तेच तुम्हाला सांगतोय.

आधी पार्श्वभूमी. डिमेन्शिया झालेले आजी-आजोबा ओरडतात, हात उगारतात, रात्रभर जागे राहतात. मनुष्यबळ कमी असलं की त्यांना गोळी देऊन शांत ठेवणं सोपं पडतं. पण डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये या औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा एफडीएने २००५ मध्येच दिला होता. २०१२ मध्ये मेडिकेअर चालवणाऱ्या सीएमएसने वापर कमी करण्याची मोहीम काढली, आणि २०१५ पासून हा टक्का नर्सिंग होमच्या स्टार-रेटिंगमध्ये धरला जाऊ लागला.

हेतू चांगलाच होता. गडबड मोजमापात आहे. स्किझोफ्रेनिया, हंटिंग्टन आणि टुरेट असलेल्यांना या हिशोबातून वगळलं जातं. तेही रास्तच, कारण त्यांना ही औषधं खरोखर लागू शकतात. पण निदानाची नोंद करतं कोण? ज्याचं रेटिंग ठरायचंय ते नर्सिंग होमच! कागदावर 'स्किझोफ्रेनिया' लिहिलं की माणूस हिशोबाबाहेर जातो. गोळी मात्र चालूच. हा आजार बहुधा तरुणपणी सुरू होतो. ऐंशीव्या वर्षी तो नव्याने दिसला तर शंका यायलाच हवी. सरकारी महानिरीक्षक कार्यालयाच्या २०२१ च्या अहवालात, अशी नोंद असलेल्या जवळपास एक-तृतीयांश रहिवाशांच्या बाबतीत त्या आजाराच्या उपचाराचा एकही मेडिकेअर दावा सापडला नाही. २०२३ मध्ये सीएमएसने या नोंदींची तपासणी जाहीर केली.

दुसरी गोष्ट. याच कार्यालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार, मनावर परिणाम करणारी सगळी औषधं एकत्र धरली तर २०११ ते २०१९ या काळात वापर ८० टक्क्यांच्या आसपासच राहिला. अँटीसायकोटिक घटली, फिट्सवरची औषधं वाढली. यातल्या काहींनी गुंगी येते, तोल जातो.

पण थांबा, उलट्या बाजूनेही घाई नको. दावा सापडला नाही म्हणजे निदान खोटंच, असं सिद्ध होत नाही. फिट्सची औषधं दुखण्यासाठीही देतात. काही ठिकाणी गोळ्या खरोखर बंदही झाल्या असतील. नेमक्या किती, हे त्या एका रेघेवरून कळत नाही. माझी चूक इथेच झाली.

म्हणून पेपर वाचताना तीन प्रश्न वहीत लिहून ठेवा: कोणाला वगळलं? आकडा कोणी भरला? हे घटलं तेव्हा वाढलं काय?

आता तो आलेख दाखवायची वेळ आली, तर मी त्यात वगळलेल्यांची दुसरी रेघही काढतो. कारण हिशोबाबाहेर गेलेल्या आजी रोज रात्री तीच गोळी घेत असतात.