'यथोचित' या शब्दाचे वजन

युनेस्कोने १९ ऑक्टोबर २००५ रोजी संमत केलेला जैवनीती व मानवी हक्क यांचा जागतिक जाहीरनामा अठ्ठावीस कलमांचा आहे. कारकुनी पेशामुळे मसुदा हाती आला की आमची नजर प्रथम शब्दयोजनेकडे जाते. बारावे कलम सांस्कृतिक विविधतेकडे यथोचित लक्ष द्यावे असे सुचविते आणि लगेच बजावते की, तिच्या नावाखाली मानवी प्रतिष्ठेस बाध आणता येणार नाही. टिपणीत 'यथोचित' केव्हा घालतात हे वाचकांस सांगावयास नको! प्रतिष्ठेची व्याख्या मात्र जाहीरनाम्यात कोठेच नाही. पुष्कळांस हा दोष वाटतो. आम्हांस वाटत नाही. व्याख्या केली असती तर एकमत झाले नसते.

खरी उणीव सातव्या कलमात आहे. ज्यास स्वतः संमती देता येत नाही त्याचे हित पाहावे आणि आपापल्या देशाचा कायदा पाहावा, एवढे सांगून ते मोकळे होते. प्रश्न जेथे अवघड झाला, नेमकी तेथेच फाईल खाली पाठविली गेली.

खाली काय घडते ते अरुणा शानभाग प्रकरणात दिसले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील ही परिचारिका १९७३ च्या हल्ल्यानंतर स्वतःचे मत कधीच सांगू शकली नाही. पिंकी विराणी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. रुग्णाच्या हिताची कसोटी इंग्लंडमधील १९९३ च्या ब्लँड खटल्यातून आली. न्यायालयाच्या परवानगीची अटही तेथलीच. परंतु तिच्या समर्थनार्थ दिलेले कारण अस्सल येथले होते: मालमत्तेसाठी नातलग कपट करतील हे भय. आणि अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार मिळाला तो ना नातलगास, ना लेखिकेस, तर सदतीस वर्षे तिची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गास. आमच्या मते मूल्य प्रवास करते; 'जवळचे कोण' याचे उत्तर मात्र त्याच्याबरोबर येत नाही.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आम्हांस हे पुस्तकी नाही. वेळ आली तर होकार कोण देणार, पुण्याचा भाऊ की रोज दार ठोठावणारे शेजारचे तमिळ गृहस्थ? २०१८ साली घटनापीठाने इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ च्या दुरुस्तीनंतर दोन साक्षीदार आणि नोटरीचे वा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. राजपत्रित अधिकारी आमच्याच मजल्यावर तीन आहेत. कागद अद्याप कोराच आहे.